जहाज रात्री कुठे थांबतं, ते आधी विचारा

वाचकाचं पत्र

*यंदा आमच्या लग्नाला 35 वर्षं होतील. मुलाचा आग्रह आहे की क्रोएशियाचा किनारा जहाजातून बघून या, खर्च तो करणार आहे. समोर दोन माहितीपत्रकं आहेत. पहिलं मोठ्या जहाजाचं: इटलीतून निघायचं, 7 रात्री, स्प्लिट, डुब्रोव्निक, मॉन्टेनेग्रोतलं कोटोर, ग्रीसचं कॉर्फू, बाल्कनीवाली केबिन, लिफ्ट, रोज रात्री कार्यक्रम. दुसरं छोट्या जहाजाचं: जेमतेम 36 प्रवासी, स्प्लिट ते डुब्रोव्निक, वाटेत बेटं, त्याही 7 रात्रीच. किमतीत फारसा फरक नाही. जाऊबाई म्हणतात, एवढे पैसे मोजून होडीत कोण बसतं? आमच्या अडचणी अशा: ह्यांचे गुडघे दुखतात, मला गेटवेहून मांडव्याला जातानाही बोट लागते, आणि आम्ही शाकाहारी आहोत, अंडं चालतं. ह्यांना इतिहासाचं भारी वेड, वाटेत किल्ला दिसला की गाडी थांबवायला लावतात. काय करू?*
*— एक वाचक, ठाणे*

प्रिय ताई,

छोटं जहाज घ्या. यजमानांच्या गुडघ्यांपुरती एक अट आहे, ती पुढे सांगते.

दोन्ही माहितीपत्रकं पुन्हा उघडा आणि बंदरांच्या नावांऐवजी वेळा वाचा. नावं ठळक असतात, वेळा बारीक अक्षरांत. मोठ्या जहाजाच्या पत्रकात डुब्रोव्निकसमोर बहुधा सकाळी 8 ते संध्याकाळी 5 किंवा 6 असं काहीतरी असेल. ते नऊ तास तुमच्या हातात नऊ पडत नाहीत. हजारो माणसं एका जहाजातून उतरणार. जहाज लागतं ग्रूझ बंदरात, तिथून जुनं शहर साधारण 3 किलोमीटर, म्हणजे बस आली, बसची रांग आली. परत यायची वेळ जहाज सुटण्याच्या बरीच आधीची. उरतात पाच-सहा तास, तेही भर दुपारचे आणि इतर जहाजांचे प्रवासी त्याच गल्ल्यांत असतानाचे. गर्दी इतकी वाढली होती की शहराने 2019 पासून एका वेळी दोनच मोठी जहाजं आणि साधारण 4000 क्रूझ प्रवासी अशी मर्यादा घातली. तरीही जुलै-ऑगस्टच्या दुपारी स्त्रादुन या मुख्य रस्त्यावरून चालणं म्हणजे धक्के खात पुढे सरकणं.

आणि मग पाच वाजता सगळे जहाजाकडे पळतात. ऊन उतरतं, दगडी फरशी थंड होऊ लागते, गावातले लोक खुर्च्या टाकून बाहेर बसतात, बंदराजवळच्या गल्ल्यांत स्वयंपाकाचा वास सुटतो. शहर बघण्यासारखं होतं ते तेव्हा, आणि नेमके तेव्हाच तुम्ही जहाजावर रात्रीच्या कार्यक्रमासाठी कपडे बदलत असाल.

छोट्या जहाजांची दिनचर्या उलटी असते. सकाळी न्याहारी झाली की निघायचं, तीन-चार तास प्रवास, वाटेत एखाद्या खाडीत पोहायला थांबायचं, जेवण, आणि दुपारी पुढच्या गावी पोचायचं. संध्याकाळ आणि रात्र त्या गावात. जहाज धक्क्याला बांधलेलं असतं, हवं तेव्हा उतरा, हवं तेव्हा परत या. म्हणून तुमच्या एजंटला पहिला प्रश्न हाच विचारा की सातपैकी किती रात्री जहाज गावाच्या धक्क्याला असेल. ऐतिहासिक किनाऱ्याच्या सहलीत तुम्ही पैसे मोजता ते या संध्याकाळींसाठी.

यजमानांना इतिहासाची आवड आहे म्हणताय, तर सांगतेच. स्प्लिटमध्ये रोमन सम्राट डायोक्लेशियनचा राजवाडा आहे. इसवी सन 305 मध्ये त्याने स्वतःहून सिंहासन सोडलं आणि जन्मगावाजवळ येऊन राहिला, तेच हे ठिकाण. पण तिकीट काढून बघायचं अवशेषांचं आवार डोळ्यांपुढे आणू नका. सातव्या शतकात जवळचं सलोना शहर उद्ध्वस्त झालं, लोक या वाड्याच्या भिंतींआड आसऱ्याला आले आणि राहिले ते राहिलेच. आजही आत घरं आहेत, दोऱ्यांवर कपडे वाळतात, पूर्वेच्या दरवाजाबाहेर रोज भाजीबाजार भरतो. मधल्या चौकात काळ्या दगडाचा स्फिंक्स बसला आहे, तो इजिप्तहून आणलेला. त्याच चौकात सम्राटाची समाधी, तिचं पुढे कॅथेड्रल झालं. ख्रिस्ती लोकांचा अतोनात छळ करणाऱ्या सम्राटाच्या समाधीत आज ख्रिस्ती प्रार्थना चालते. छोटी जहाजं बहुतेक शनिवारी दुपारी निघतात. तुम्ही शुक्रवारीच स्प्लिटला पोचा आणि एक रात्र वाड्याच्या आसपास काढा. मुंबईहून क्रोएशियाला थेट विमान नाही, कुठेतरी बदलावंच लागतं. त्यात उशीर झाला किंवा बॅग मागे राहिली तर हाताशी एक दिवस हवाच. जहाज कुणासाठी थांबत नाही.

कोर्चुला हे बेटावरचं गाव यजमानांना फार आवडेल, असं मला वाटतं. तटबंदीच्या आत मधोमध एक रस्ता आणि दोन्ही बाजूंना माशाच्या काट्यासारख्या गल्ल्या. पश्चिमेकडच्या गल्ल्या सरळ आहेत, उन्हाळ्यातला सुखाचा वारा आत यावा म्हणून. पूर्वेच्या मुद्दाम वाकवलेल्या, हिवाळ्यातल्या बोचऱ्या वाऱ्याला अडवायला. गाइड तिथे मार्को पोलोचं जन्मघर दाखवतील. ते मान डोलावून बघा, त्याला पक्का पुरावा नाही. 1298 मध्ये या बेटाजवळ जेनोआ आणि व्हेनिस यांच्यात मोठी नाविक लढाई झाली आणि व्हेनिसचा पराभव झाला, हे मात्र पक्कं आहे. उन्हाळ्यात इथे काही ठरावीक संध्याकाळी ‘मोरेश्का’ हे तलवारींचं नृत्य होतं, तांबड्या आणि काळ्या पोशाखातल्या दोन फौजा, खऱ्या पोलादी तलवारी. तुमचं जहाज कोर्चुलाला त्या संध्याकाळी असेल का, ते आधी विचारून घ्या.

डुब्रोव्निकबद्दल लिहायला बसले तर सदर संपेल. एकच सांगते, शहराच्या तटबंदीवर चढलात की छपरांकडे बघा. काही कौलं भडक नारिंगी, काही विटलेली, पिवळसर-तपकिरी. भडक आहेत ती बहुतेक 1991-92 च्या वेढ्यानंतर बसवलेली. त्यातला सर्वांत भीषण तोफांचा मारा 6 डिसेंबर 1991 चा. जागतिक वारशाच्या यादीत 1979 पासून असलेल्या शहरावर हे झालं, आणि किती घरांना झळ बसली याचा हिशेब त्या कौलांवरून नजरेनेच लागतो. शहराच्या पूर्व दरवाजाबाहेर लाझारेती नावाच्या लांबट दगडी इमारती आहेत, तिकडेही जा. साथीच्या मुलखातून येणाऱ्यांना महिनाभर शहराबाहेर ठेवायचं, असा कायदा या शहराने 1377 मध्ये केला. पुढे ती मुदत 40 दिवसांची झाली. कोविडमध्ये आपण सगळे ज्यातून गेलो त्या क्वारंटाइनची ही सुरुवात. या इमारती त्या कायद्याच्या बऱ्याच नंतरच्या, पण काम तेच.

एक धागा आपल्याकडचाही आहे. डुब्रोव्निक तेव्हा रागुसा नावाचं छोटं, स्वतंत्र प्रजासत्ताक होतं. तुर्कांना खंडणी देऊन, युरोपशी व्यापार करून त्याने 1808 पर्यंत तग धरला. सोळाव्या शतकात त्याचे व्यापारी गोव्यापर्यंत पोचले होते. जुन्या गोव्याजवळ गवंडाळीला संत ब्लेझचं चर्च आहे, त्याचा संबंध या रागुसाच्या लोकांशी जोडला जातो. संत ब्लेझ हा डुब्रोव्निकचा ग्रामरक्षक संत, शहराच्या दरवाजांवर त्याच्या मूर्ती आहेत. ठाण्याहून गोव्याला जाणं काही अवघड नाही. निघण्याआधी जमलं तर ते चर्च बघून या.

आता गुडघे. इथे मात्र मी तुमचं मन राखायला काही लपवणार नाही. छोट्या जहाजांत सहसा लिफ्ट नसते. जिने अरुंद आणि उभे असतात. शिवाय हंगामात बेटांच्या धक्क्यांवर जागा अपुरी पडते, म्हणून जहाजं एकाला एक चिकटून बांधतात, कधी तीन, कधी चार. तुमचं जहाज सगळ्यात बाहेरचं असेल तर गावात जायला बाकीच्या जहाजांमधून जायचं. एका कठड्याच्या फटीतून पाय पलीकडच्या डेकवर टाकायचा, त्यांच्या जेवणाच्या टेबलांमधून वाट काढायची, पुन्हा पाय उचलायचा. खलाशी हात देतात, पण दोन्ही जहाजं हलत असतात आणि उंची सारखी नसते. धडधाकट माणसाला यात मजा वाटते, गुडघेदुखीवाल्याला दिवसातून चार वेळा ती शिक्षा होऊ शकते.

म्हणून माझी अट. यजमानांना कठड्याला धरून पंधरा-वीस पायऱ्यांचा उभा जिना चढता-उतरता येतो का, आणि गुडघाभर उंचीचं पाऊल टाकता येतं का, हे घरी करून बघा. जमत असेल तर छोटं जहाज. जमत नसेल तर मोठंच घ्या, त्यात काही कमीपणा नाही. छोटं घेतलंत तर केबिन मुख्य डेकवरची मागा. खालच्या डेकवरच्या केबिन स्वस्त असतात, पण तिथे गोल बंद खिडकी आणि रोजचा जास्तीचा जिना. पैसे वाचवायचे तर दुसरीकडे वाचवा.

गावांमध्येही चढ आहेतच. डुब्रोव्निकच्या तटाचा फेरा 1940 मीटरचा, चढउतार भरपूर, एकदा चढलं की मधून खाली यायच्या जागा मोजक्या आणि तिकीट 35-40 युरोंच्या घरात. सकाळी दार उघडताच जा, नाहीतर ऊन उतरल्यावर. ह्वार हेही बेटावरचं गाव, तिथल्या किल्ल्यावर टॅक्सी जाते, लाज न बाळगता करा. ह्वारचा चौक सपाटीवरच आहे, 1612 मधलं नाट्यगृहही तिथेच, पण वरच्या मजल्यावर. म्ल्येत बेटावरच्या राष्ट्रीय उद्यानात खाऱ्या पाण्याची दोन तळी आहेत, मोठ्या तळ्यात चिमुकलं बेट आणि त्यावर जुना मठ. तिथे बोट नेते, गुडघ्यांना तो दिवस विश्रांतीचा.

बोट लागण्याची भीती मात्र निम्मी तरी सोडून द्या. मांडव्याच्या फेरीत तुम्हाला त्रास होतो, हे खरं. पण क्रोएशियाच्या किनाऱ्यापुढे लहानमोठी 1200 हून जास्त बेटं आणि खडक आहेत, ते लाटा अडवतात. छोटी जहाजं त्यांच्या आडोशानेच चालतात, दिवसा चालतात, आणि रात्री तुम्ही धक्क्याला बांधलेल्या जहाजात झोपता. मोठं जहाज कमी हलतं हे बरोबर, पण ते रात्रभर उघड्या समुद्रात असतं. त्रास होतो तो जुगो नावाचा आग्नेयेचा दमट वारा सुटला की. तो दोन-तीन दिवस लाटा उठवतो आणि तेव्हा कप्तान मार्ग बदलतो. करारात तसं कलम असतं आणि त्याबद्दल पैसे परत मिळत नाहीत. विशेषतः व्हिस बेटाजवळच्या बिशेवोच्या निळ्या गुहेचं कुणी वचन देत असेल तर ते सोडून द्या. गुहेचं तोंड इतकं ठेंगणं आहे की थोड्या लाटा आल्या तरी छोट्या बोटी आत जाऊ शकत नाहीत. गोळी कोणती घ्यायची ते डॉक्टरांना विचारा, आणि ती बोट लागायच्या आधी घ्यायची असते, नंतर नाही.

कधी जायचं? जुलै-ऑगस्ट नको. ऊन, गर्दी आणि ह्वारसारख्या गावात पहाटेपर्यंत गाणी. मेअखेर ते जूनचा पहिला पंधरवडा छान, दिवस मोठे, पण समुद्र अजून गार असतो. माझं मत सप्टेंबरला. उन्हाळाभर तापलेलं पाणी तेव्हा अजून ऊबदार असतं, गर्दी ओसरलेली असते, गौरी-गणपती आटोपून निघता येईल. पोहता येत नसलं तरी पाण्यात उतरा, जहाजावर लाइफ जॅकेट असतं, शिडी असते. पूर्ण बाह्यांचा, पायघोळ पोहण्याचा पोशाख चालतो, कुणी वळून बघत नाही. रबरी तळाचे पाण्यातले बूट मात्र न्याच. किनारे गोट्यांचे आहेत आणि खडकांवर काटेरी समुद्री साळू चिकटलेले असतात, काटा रुतला की सहल लंगडत.

जेवणाचं तुम्ही मोठ्या जहाजाच्या बाजूने धरलं असेल, तर ते बरोबर आहे. तिथे बुफे असतो, कित्येकदा आपल्याकडचं जेवणही. छोट्या जहाजावर स्वयंपाकी एकच, आणि मासे हा तिथला अभिमान. बुकिंग करतानाच लेखी कळवा: मांस नाही, मासे नाहीत, माशाच्या पाण्यातलं सूप नाही, अंडं आणि दूध चालेल. नुसतं ‘शाकाहारी’ लिहिलंत तर काही ठिकाणी मासा ताटात येतो. मिळेल ते साधं पण चवीचं असतं: ब्लित्वा म्हणजे पालकासारखी पालेभाजी बटाटा, लसूण आणि ऑलिव्ह तेलात केलेली, पाग बेटाचं खारट चीज, भाजलेल्या भाज्या, अंजिरं. गावात सोपार्निक दिसला तर घ्या, पातळ पोळीच्या दोन पदरांत पालेभाजी. काळा भात मात्र मागवू नका, तो माकुळाच्या शाईचा असतो. लोणचं आणि मेतकूट पिशवीत असू द्या, सातव्या दिवशी लागतं.

किमती सारख्याच दिसतात म्हणालात, तिथेही नीट बघा. छोट्या जहाजावर बहुधा न्याहारी आणि एक जेवण धरलेलं असतं, बंदरकर आणि स्थानिक कर वेगळे रोख द्यावे लागतात, पेयं विकत, बाहेरून आणलेली पेयं चालत नाहीत. म्ल्येतच्या उद्यानाचं तिकीट आत आहे की बाहेर, ते विचारा. मोठ्या जहाजावर जेवण सगळं आत, पण दररोजची टिप आपोआप बिलात चढते आणि जहाजाने आखलेल्या सहलींचे दर चढे असतात.

मोठ्या जहाजाच्या बाजूने एक गोष्ट मनापासून सांगायला हवी, ती म्हणजे कोटोरचं आखात. उंच डोंगरांच्या मधून समुद्र आत शिरतो, एका ठिकाणी वाट जेमतेम 340 मीटर उरते, आणि उंच डेकवरून ते बघणं हा या किनाऱ्यावरचा सर्वांत देखणा तास आहे. तुम्ही मोठं जहाज घेतलंत तर त्या सकाळी झोपू नका. छोटं घेतलंत तर शेवटी डुब्रोव्निकला दोन दिवस जादा ठेवा आणि एक दिवस बसने कोटोरला जाऊन या. सीमेवर रांग लागते, म्हणून लवकर निघा.

इथे व्हिसाची मेख आहे. क्रोएशिया 1 जानेवारी 2023 पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे आणि त्याच दिवसापासून तिथे युरो चालतो. मॉन्टेनेग्रो शेंगेनमध्ये नाही. म्हणजे कोटोरला पाऊल ठेवलंत की तुम्ही शेंगेनबाहेर गेलात आणि परत येताना पुन्हा प्रवेश करणार. त्यामुळे अर्जात अनेकदा प्रवेशाचा व्हिसा मागा आणि जोडीला कोटोरचा दिवस दाखवणारा प्रवासाचा आराखडा द्या. एकदाच प्रवेशाचा व्हिसा हाती आला तर कोटोर विसरा. अर्ज जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे करायचा, छोट्या जहाजासाठी तो क्रोएशियाच. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात. वैद्यकीय विमा किमान 30,000 युरोंचा लागतो, आणि गुडघ्याचं जुनं दुखणं विम्याच्या फॉर्मवर खरंखरं लिहा, नाहीतर तिथे पाय मुरगळला तर कंपनी त्यावरच बोट ठेवेल.

जाऊबाईंना सांगा, ही जहाजं 40-50 मीटर लांबीची असतात, केबिनला आपापलं न्हाणीघर आणि एसी असतो. होडी म्हणायचंच असेल तर परत आल्यावर फोटो बघून म्हणा.

एजंटकडून या गोष्टी ई-मेलवर लेखी मागवा: रोजची सुटण्याची आणि पोचण्याची वेळ, किती रात्री धक्क्याला, केबिन कोणत्या डेकवर, किंमतीबाहेर काय काय. वेळापत्रक ‘अंदाजे’ म्हणून टाळत असेल तर मागच्या हंगामाचं मागा. तेही देत नसेल तर दुसरा एजंट बघा. सप्टेंबरच्या मुख्य डेकवरच्या केबिन लवकर जातात, तेव्हा जिन्याची परीक्षा या रविवारीच घेऊन टाका.